घोडं आण

काका, आई म्हणाली की जे काय विचारायचं ते त्यालाच विचार, म्हणून लिहायला बसले आहे. दुपारची वेळ आहे. घोड्यांना गवत टाकून झालंय, संध्याकाळच्या बॅचला अजून अवकाश आहे, आणि मी तुमच्या जुन्या खोलीत पंख्याखाली बसले आहे. तुमचा स्टोव्ह असायचा तिथं आता कॉफीचं मशीन आहे. भिंत पाडून मोठी काच बसवली आहे. मुलांचे आईबाप गारव्यात बसून काचेतून रिंगण बघतात आणि मोबाइलवर शूटिंग करतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दफेदार म्हटलं तर मालकाचा मुलगा "कोण दफेदार?" असं विचारतो. जगासाठी तुम्ही दफेदार होतात, मी एकटीच काका म्हणायचे. तुम्ही म्हण म्हणाला नव्हतात, पण कधी अडवलंतही नाही.

विचारायचं ते शेवटी विचारीन. आधी एक सांगून टाकते. तुम्ही पडलात त्या दिवसानंतर मी घोड्यावर बसलेले नाही. शिकवते मी रोज, सकाळ-संध्याकाळ शिकवते, पण रिंगणाच्या मधोमध उभी राहून. ही गोष्ट तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही होतात तोवर मी ती तुम्हाला कळू दिली नाही.

मी इथं आले ते फोन उचलायला. घणसोलीच्या गावठाणातली पोरगी, बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि घरात बाबांची एकच भुणभुण की कुठंतरी चिकट. नावड्याच्या पुढं घोडे शिकवायची जागा निघाली आहे, ऑफिसात मुलगी हवी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. फाटकावर हातभर अक्षरात 'रँच' लिहिलेलं होतं. त्या पाटीखालून जाताना तुम्ही रोज मान हलवायचात. "रँच म्हंजे काय ते आमास्नी ठावं न्हाई," म्हणायचात. "घोडी बांधत्यात ती पागा." सगळी उमेद फौजेतल्या घोड्यांत घालवून तुम्ही साताऱ्याकडून इथं आला होतात, आणि इथल्या दमट हवेला, तळोज्याच्या कारखान्यांच्या वासाला, आम्ही आगरी माणसं ड चा र करतो त्याला, सगळ्याला नावं ठेवायचात. घोड्यांना मात्र कधी नावं ठेवली नाहीत. चावरा घोडा असला तरी "जरा बोलका हाय" एवढंच.

एक दिवस सकाळच्या बॅचला कुणी आलंच नाही. तुम्ही ऑफिसच्या दारात येऊन म्हणालात, "फोन काय पळून चाललाय व्हय? ये." मी सलवार-कमीजमध्ये, पायात सपाता. तुम्ही घोड्यांचा खरारा करणाऱ्या मोतदाराचे बूट मला घालायला लावलेत आणि तांबड्या घोड्यावर चढवलंत. वर बसल्यावर मला पहिल्यांदा कुंपणापलीकडची खाडीकाठची झाडं दिसली, तेही आठवतंय. त्याच आठवड्यात मी पडले. दुडक्या चालीत उठ-बैस जमेना, मी एकदा उठले ती खाली बसलेच नाही, थेट वाळूत. तोंडात वाळू, डोळ्यांत पाणी. तुम्ही जवळ आलात, हातपाय चाचपून बघितलेत आणि मोतदाराला हाक मारलीत, "घोडं आण." मी कपडे झटकायला लागले तर हात धरलात.

"झटकू नगंस. आधी बस."

"काका, लागलंय."

"लागू दे. धूळ झटकाय लागलीस की डोकं चालाय लागतं. डोकं चालाय लागलं की पाय जाग्यावरच ऱ्हातो."

मी रडत रडत बसले. एक चक्कर मारली, उतरले, मग झटकले. दुसऱ्या दिवशी घोड्यासाठी गूळ आणायचा ही तुमची दुसरी अट. जो पडेल त्यानं घोड्याला गूळ द्यायचा, कारण घोड्यानं शिकवणी दिली, त्याची दक्षिणा बाकी राहता कामा नये. घोड्याला खडा द्यायचा आणि उरलेला सगळ्यांनी वाटून खायचा. खारघरचे एक मोठे साहेब पडले तर त्यांनी काजूकतली आणली होती. तुम्ही डबा परत केलात. "घोड्याला शुगर हुईल," म्हणालात, आणि साहेब बिचारे उन्हातून नावड्याच्या बाजारात गूळ शोधत फिरले.

ही खोली तेव्हा तुमचं स्वयंपाकघर होती. घोड्यांच्या रतिबाचा हरभरा रात्री भिजायचा, त्यातलाच ओंजळभर काढून तुम्ही सकाळी उसळ करायचात. वर कच्चा कांदा आणि हातानं थापलेली भाकरी. "घोड्याचं खातो, म्हनून पळतो," असं म्हणून मलाही वाढायचात. मी डब्यात सुकटीची चटणी आणली की नाक मुरडायचात आणि मग डबा पुसून खायचात. आईला हे सांगितलं तर ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोघांपुरती चटणी द्यायला लागली. तिनं तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण "तुजा फौजी जेवला का?" असं संध्याकाळी विचारायची.

पुढं मीही मुलांना शिकवायला लागले, त्यानंतर तुम्ही मला एकदाच ओरडलात. घरी बाबांशी माझ्या लग्नावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी तीच धग घेऊन आले होते. तांबडा वळायला वेळ लावत होता, मी लगाम खेचला, असा खेचला की त्यानं तोंड वर केलं. तुम्ही रिंगणात येऊन माझ्या हातातून लगाम काढून घेतलात. मुलं बघत होती. "घरचं भांडान फाटकाभाईर बांधून यायचं," म्हणालात. "त्येच्या तोंडात लोखंड हाय. तुज्या तोंडात घालू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ-दहा दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. मग एका सकाळी माझ्या टेबलावर नवा लगाम होता, तुम्ही स्वतः शिवलेला, नेहमीपेक्षा बारीक पट्ट्यांचा, माझ्या लहान मुठीत बसेल असा. माफी मागितली नाहीत, समजावलंही नाहीत. तो लगाम पुढं तुटला, दुरुस्त केला, पुन्हा तुटला. आता खिळ्याला आहे.

एवढं सगळं चांगलं आठवत बसले की त्या सकाळकडं यायचं टळतं, म्हणून आता येते.

बॅच सुरू व्हायच्या आधीची वेळ. तुम्ही तांबड्याला मोकळं करताय, म्हणजे त्याला चार चकरा देऊन त्याचा आळस काढताय. मी कुंपणाशी उभी राहून नव्या मुलांची टोपी-बूट बघतेय. रस्त्याकडच्या खांबावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स फाटून लोंबत होता, तो वाऱ्यानं सुटतो आणि फडफडत थेट रिंगणात येतो. तांबडा एका बाजूला उडी घेतो. तुम्ही दुसऱ्या बाजूला. नुसते वाळूत पडला असतात तर काही नव्हतं, पण तुम्ही कुंपणाच्या लाकडी खांबावर पडता आणि तो आवाज मला ऐकू येतो. मी धावते. तुमचा उजवा पाय नको तसा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. तोंड पांढरं पडलंय, पण डोळे उघडे आहेत आणि ते मला नाही, तांबड्याला शोधतायत.

"घोडं आण," तुम्ही म्हणता.

मी जाते. तांबडा कोपऱ्यात थरथरत उभा आहे. मी त्याला धरते, मानेवर हात फिरवते, आणि घेऊन येते. तुमच्यापासून चार हातांवर येऊन थांबते, कारण तुम्ही पडल्या पडल्या रिकिबीसाठी हात वर केलेला आहे आणि तो पाय मला जवळून दिसतोय. मालक ऑफिसातून ओरडत येतायत, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे, कुणी हलवू नका, कुणी हात लावू नका. तुम्ही मालकांकडे बघतच नाही.

"हितं आण की. नुसतं बसव. एक पाऊल."

"काका, पाय..."

"एक पाऊल, पोरी."

तुम्ही मला इतक्या मऊ आवाजात कधी काही मागितलं नव्हतं. मी लगाम मोतदाराच्या हातात दिला आणि म्हणाले, थानावर घेऊन जा. तुम्ही मान वळवून तांबड्याला तबेल्याच्या दारातून आत जाईपर्यंत बघत राहिलात. मग म्हणालात, "न्हेलंस व्हय." आणि हात खाली ठेवलात.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जागचं हलवलं नाही हे फार बरं केलं, नाहीतर प्रकरण कुठल्या कुठं गेलं असतं. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तुमच्या मुलानं माझे हात हातात घेतले. मी बरोबर वागले होते याबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि मलाही आजवर कधी ते चूक आहे असं सिद्ध करता आलेलं नाही. म्हणूनच ते सुटत नाही, काका. चूक असती तर माफी मागून मोकळी झाले असते.

तुमचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी घणसोलीला उतरले ती घरी न जाता गावदेवीच्या देवळात गेले. नारळ ठेवला आणि मनातल्या मनात बोलले, काका पुन्हा घोड्यावर बसेपर्यंत मी रिकिबीत पाय घालणार नाही. आमच्या गावात लोक काय काय नवस बोलतात. कुणी चप्पल सोडतं, कुणी मासळी सोडतं. मासळी सोडणं मला झेपलं नसतं, आणि घोड्याहून मोठं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बोलताना मला वाटलं, चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुम्ही काठी टेकत याल, मी तुम्हाला तांबड्यावर बसवीन, एक पाऊल चालवीन, आणि मग तुम्हाला नवसाची गोष्ट सांगीन. तुम्ही काय शिव्या द्याल तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

तुम्हाला मुलाच्या घरी, उलव्याला नेलं. मी सुट्टीच्या दिवशी यायचे. तुम्ही गॅलरीत वॉकर पुढ्यात घेऊन बसलेले असायचात. समोर विमानतळासाठी डोंगर कापायचं काम चाललेलं, धुळीचे लोट, डंपरची रांग. "एवढं सपाट केलंय," तुम्ही म्हणायचात, "झ्याक रिंगान झालं असतं." सून चहा आणून द्यायची, आणि तुम्ही एकेका घोड्याची विचारपूस करायचात. कुणाची नाल सैल आहे, कुणाला खोकला आहे, तांबडा खातो का. मी गाडी करून तुम्हाला पागेत न्यायचं कितीदा बोलले. दर वेळी तुम्ही नाही म्हणालात. "खाली उभं ऱ्हाऊन काय बगायचं?"

मग एका दुपारी, मी निघताना चप्पल घालत होते तेव्हा, तुम्ही बोललात.

"घोड्यावरनं मानसानं उतरावं, पोरी. तू एक पाऊल चालवलं असतंस, मी उतरलो असतो. मग काय बी हुईना. ह्ये असं पडून संपलं, ह्येचं वाईट वाटतं."

"तुमचा पाय मोडला होता, काका."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तुजं बरोबरच हाय."

तेवढंच. रागानं म्हणाला असतात तर भांडता आलं असतं. मी खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि हमसून हमसून रडले, एका रिक्षावाल्यानं थांबून विचारेपर्यंत. त्या दिवसानंतर तुम्हाला नवसाचं सांगायची माझी छाती झाली नाही. सांगितलं असतं तर ते तुमच्यासाठी केल्यासारखं दिसलं असतं, आणि तुम्हाला हवं ते तर मी केलंच नव्हतं. पुढच्या थंडीत तुमच्या छातीत कफ भरला आणि तुम्ही गेलात. तांबडा तुमच्या मागून वर्षभर होता. तो त्याच्या थानावरच गेला, मी जवळ होते.

नवस फेडता येतो, मोडता येत नाही, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. आणि माझा नवस फेडणारा माणूसच उठून गेला. सुरुवातीला मी लोकांना काहीच सांगत नसे. मग एकदा एका चिमुरड्यानं सगळ्या बॅचसमोर विचारलं, "मॅडम, तुम्हाला येतं का बसायला?"

"येतं की."

"मग बसत का नाही?"

मी म्हणाले, गुडघा दुखतो. त्या दिवसापासून माझा गुडघा सरकारी झाला. मालक कुठलंसं तेल घेऊन आले. मुलांच्या आज्या मेथीचे लाडू पाठवतात. लाडवांनी माझं वजन वाढलं, गुडघा बिचारा ठणठणीत आहे. शिकवणं अडलं नाही. खालून चूक जास्त चांगली दिसते, टाच कुठं आहे, पाठ कुठं वाकली, हे वर बसलेल्याला कुठं कळतं, असं मी स्वतःला पटवत आले. पण वर्षं जातात तसा पाय जड होतो. कधी कधी वाटायचं, हा नवस आता नवस राहिलेला नाही, ही भीती आहे, आणि मी तिला देवीचं नाव देऊन घरात ठेवली आहे. कधी उलटं वाटायचं. ह्याचा छडा लावायची वेळ कधी आली नव्हती, ती आत्ता कुठं आली.

रोडपालीकडच्या टॉवरमधली एक मुलगी आहे, होती म्हणू, चष्मेवाली, पाचवी-सहावीतली. आली तेव्हा घोडीच्या शेपटीलासुद्धा घाबरायची. आई बँकेत, शनिवार-रविवारी स्वतः घेऊन यायची आणि काचेमागं बसून डोळ्यांची पापणी न लवता बघायची. पोरीला मी सहा महिने घासलं. पांढरी घोडी आहे आपली, तिच्यावर ती दुडक्या चालीत छान उठ-बैस करायला लागली होती. गेल्या रविवारी कुंपणाखालून कुत्र्याचं पिल्लू आत घुसलं, पांढरी बिचकली, आणि पोरगी पडली. मऊ पडली. मी पोचेपर्यंत उठून उभी राहिली होती, चष्म्यावर वाळू, कोपर खरचटलेलं. तिनं कपडे झटकले नाहीत. मोठ्या मुलांकडून तिनं ऐकलेलं होतं.

"मॅडम, घोडी आणा ना," ती म्हणाली.

काका, तुमचेच शब्द. मी तिचे हातपाय, मान, पाठ सगळं तपासलं. काही नव्हतं. मालकाच्या मुलाचा हल्ली नियम आहे की पडलेल्याला त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही. मी तो नियम धाब्यावर बसवला आणि पांढरीला घेऊन आले. तोवर तिची आई धावत आली होती.

"मॅडम, प्लीज, आज नको. मला खूप टेन्शन आलंय. घोडी आत्ताच बिथरलीय."

"आत्ता बसली नाही तर पुढं बसणं कठीण जातं, ताई. एकच चक्कर. मी धरून चालते."

त्यांनी पांढरीकडे एकदा नीट बघितलं. समजूतदार बाई. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मग आधी तुम्ही बसा. एक राउंड मारा. घोडी शांत झालीय एवढं माझ्या डोळ्यांना दिसू दे, मग बसवा हिला. माझं काही म्हणणं नाही."

ह्यात गैर काय होतं? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. मोतदार गावी गेलेला. मालकाचा मुलगा घोड्याच्या दहा फूट जवळ येत नाही, तो कुंपणाबाहेरून म्हणाला, "बसा ना मॅडम, एक चक्कर मारा, विषय संपला." मुलं ओरडायला लागली, मॅडम बसणार, मॅडम बसणार. आणि ती पोरगी, वाळूनं माखलेली, माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिचं पडणं कारणी लागलं.

मी लगाम डाव्या मुठीत घेतला, आयाळ धरली, पाय उचलला. रिकीब समोर होती. पाय तिच्या उंचीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मला गावदेवी आठवली नाही. नवसही आठवला नाही. मला तुमचा तो खांबावरचा आवाज ऐकू आला. मी पाय खाली घेतला आणि म्हणाले, "गुडघा."

तिच्या आईनं काही वादावादी केली नाही. "असू दे मॅडम, पुढच्या वेळी," म्हणाल्या आणि पोरीचा हात धरला. मी पांढरीला तबेल्याकडे वळवलं. मागं बघितलं तर पोरगी गाडीकडे जाता जाता गुडघे झटकत होती, मग बाह्या, मग पुन्हा गुडघे.

चार दिवसांनी मेसेज आला. ती आता घोड्यावर बसायला नाही म्हणते, स्केटिंगला घातलंय, तुमचे खूप आभार. शेवटी लिहिलं होतं, गुडघ्याची काळजी घ्या. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल. तुमच्यासमोरून घोडा नेला तेव्हा निदान तुमचा पाय मोडलेला होता. तिचं काहीच मोडलेलं नव्हतं. तिनं मागितलं, ती तयार होती, आणि मी तिला घोड्याविना परत पाठवलं.

काल आईकडे गेले. गावठाणातलं घर आहे तसंच, खाली भाडेकरूचं मोबाइलचं दुकान, वर आई. ती कोलंबी सोलत बसली होती. मी तिला पहिल्यांदा नवसाचं सांगितलं. तिनं हातातली कोलंबी ताटात टाकली.

"म्हंजे गुरगा नाय दुखत तुजा? आनि मी रोज देवीपुरं तुजे गुरग्याचा गाऱ्हाना घालतंय!"

बराच वेळ ती बडबडली. देवीला फसवलंस, मला फसवलंस, मेथी महाग आहे. मग पुन्हा कोलंबी उचलली.

"नवस कोनाचे नावान बोललीस?"

"काकांच्या."

"मंग सोरवनारा बी तोच. त्याला इचार."

"आई, तो माणूस मेलाय."

"मेला म्हनून काय झाला? लगनान आपुन मेलेल्यांना आवतान नाय देत? त्यांना सांगल्याबिगर हलद तरी लागते का?" आणि सुरी माझ्याकडे रोखून म्हणाली, "इचार. पन खरा खरा सांगून इचार. सोयीचा नको."

म्हणून हे सगळं पाल्हाळ. तर विचारते, काका. तुम्हाला बसवलं नाही, आणि तरी मी बसू का?

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे असं वाटतं. "इचारतीस काय, बस की," असं तुमच्या आवाजात मला सहज ऐकू येऊ शकतं. पण ते मीच म्हणेन तुमच्या तोंडून, आणि आईनं सोयीचं नको म्हणून बजावलंय. तुम्ही असंही म्हणू शकता की आता राहू दे. त्या गॅलरीतल्या दुपारी "तुजं बरोबरच हाय" म्हणताना तुम्ही मला माफ करत होतात की माझ्यावर पाणी सोडत होतात, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय तुमच्या वतीनं हो म्हणायचा मला काय अधिकार? मला वाईट वाटतं, काका. तुम्हाला एक पाऊल मिळालं नाही ह्याचं वाटतं, त्या पोरीचं वाटतं, आणि बरोबर वागूनही एवढं वाईट वाटत राहतं ह्याचा मला रागही येतो. घरचं भांडण बाहेर बांधून यायला तुम्ही शिकवलंत. हे कुठं बांधायचं ते सांगितलं नाहीत.

हे पत्र कुठं पाठवायचं असतं? उलव्याचा फ्लॅट तुमच्या मुलानं कधीच विकला. डोंगर होता तिथून आता विमानं उडतात, आपल्या डोक्यावरून इतकी खाली जातात की नव्या घोड्यांनी पहिले काही दिवस कान टवकारले, आता ते मान वरही करत नाहीत. बॅचची मुलं यायची वेळ झाली. हा कागद घडी करून ठेवून देईन. पोचणार नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आईलाही सांगितली नाही.

सकाळच्या पहिल्या बॅचआधी पांढरीवर खोगीर मीच चढवते. रिकिबीचं माप घ्यायचं म्हणजे बोटं खोगिराला टेकवायची आणि रिकीब काखेपर्यंत ओढायची. रोज सकाळी मी ते माप आधी माझ्या हाताचं घेते. रिकिबीचा पट्टा माझ्या मापावर अडकवते, दोन्ही बाजूंनी, आणि थोडा वेळ तिथंच उभी राहते. मग फाटकाशी गाड्यांचे आवाज येतात आणि मी पट्टे वर ओढून मुलांच्या मापाचे करते.